दारासाठी ठेवलेली जागा

४ फेब्रुवारी

आलो एकदाचा. मुलाचं नवं घर अजून न्हाऊन निघालेल्या बाळासारखं उघडंवाघडं आहे. नुसते खांब आणि वर स्लॅब. ते होईपर्यंत मुलगा, सून आणि मी शेजारच्या पत्र्याच्या खोलीत. स्लॅबखाली अर्धी जमिनीत गेलेली जागा आहे, तिच्याभोवती पायाच्या भिंती चढतायत. ती माझी खोली. उन्हाळ्यात गार राहील, म्हणाला मुलगा. सून म्हणाली, बाबांनी कविता म्हटल्या तरी वर ऐकू येणार नाहीत. मी हसलो. तीही हसली, जरा उशिरा.

सिमेंटचे पोकळ ब्लॉक रचणारा मिस्त्री मला लगेच ‘कविराज’ म्हणू लागला. त्याचं काम मात्र बघत राहावं. दोरी ताणतो, सिमेंट-वाळूचा माल पसरतो, ब्लॉक टेकवून थापीच्या मुठीनं ठोकतो. सांध्यावर सांधा येऊ देत नाही. शाळेत आम्ही अशाच एकीवर एक ओळी चढवायचो, बाकं वाजवत. यती चुकली की गुरुजींची छडी. मला भिंतीवर पाणी मारायचं काम मिळालंय. शाईनं माखलेल्या बोटांचे ते दिवस पुन्हा आल्यासारखे वाटतात.

७ फेब्रुवारी

तीन भिंती पुऱ्या झाल्या. चौथीत दारासाठी जागा सोडलीय. दुपारी सगळे रस्त्यापलीकडे झाडाखाली जेवायला गेले. मी आत उपड्या घमेल्यावर बसून पावसाची कविता म्हटली, तिच्यातच डुलकी लागली. उठलो तर मिस्त्री तापलेला. दाराच्या जागेत ब्लॉकची नवी रांग, माल ओला. कविराज, हौस असेल तर कागदावर रचा, म्हणाला. गडी फिदीफिदी हसले. मला एक ब्लॉकसुद्धा उचलवत नाही, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

९ फेब्रुवारी

मिस्त्रीनं ती रांग फोडली होती. आज जेवणाच्या सुट्टीत पुन्हा उभी. मी जागा होतो; नळीचा पीळ सोडवायला फक्त पाठ वळवली होती. सांधे आतून बोटानं दाबून भरलेत. एका ठशात बोट ठेवून पाहिलं. माझी दोन मावली.

मुलाला बोलावलं. त्यानं ठसे पाहिले नाहीत, माझी नखं पाहिली. सून म्हणाली, या वयात लक्ष वेधून घ्यायचं असतं. पुन्हा झालं तर थोरलीकडे सोडून येईन, असं मुलानं ठणकावलं. लेकीकडे म्हणजे व्हरांड्यात, तिच्या सासऱ्यांच्या खाटेला खाट लावून. सोडायला कशाला येतोस, मी न सांगता निघून जाईन, असं मीही म्हणून बसलो. जायचं नाहीये मला.

१० फेब्रुवारी

आज पाठ वळवायची नाही. आतच बसलोय, दाराकडे तोंड करून. कोण येतं ते बघायचं आणि मुलाला हाक मारायची, एवढंच. गडी जेवायला गेले.

भिंतीला हात लावला. ब्लॉकच्या पोकळीत काहीतरी सरकलं. उंदीर असेल –

कोणी आलं नाही. तरी दोन थर चढलेत. मी झोपलो नाही, मान फिरवली नाही. पापणी तेवढी लवते –

पापणी लवली की एक ब्लॉक.

ओलांडायला पाय उचलला. लवली, पुन्हा पुन्हा लवली. छातीपर्यंत. ढकलतोय, माल ओला आहे आणि हलत नाही –

एक डोळा उघडा ठेवला की थांबतं. आळीपाळीनं. वर एवढीशी फट.

मुलगा आला. मिस्त्री, सूनही. मी ओरडतोय, आवाज भिंतीला लागून माझ्याच तोंडावर येतो. मिस्त्री म्हणतो, कविराजांनी गाणं पुरं केलं बघा. मुलगा पत्र्याच्या खोलीत डोकावून आला. गेले वाटतं ताईकडे, म्हणाला. थकलेला आवाज. राहू दे आता दार. सून म्हणाली, नाहीतरी काय ठेवणार होतो तिथे –

अरे, मी इथे –

मिस्त्रीनं बाहेरून ठोकून पाहिलं. भरीव वाजतेय म्हणाला, पायाभोवती माती लोटायला घेतो. मुलगा हो म्हणाला.

फटीच्या उजेडात लिहितोय. बोटांनी पापण्या ताणून – मातीची पहिली पाटी पडली. धूळ येतेय आत, दोन्ही डोळ्यां