मधल्या सुट्टीतला मामा

प्रिय ठिणग्या,

घरभर फ्यूज उडवून बाबांचा मार खाणाऱ्या पोराला हे नाव मीच ठेवलं, आणि पुढे तू वायरमन झालास तेव्हा त्याचं श्रेयही मीच लाटलं. आजवरची माझी पत्रं तुला अगदी अळणी लागली असतील. हवा बरी, तब्येत बरी, तुझी भाची खारू अभ्यास करते, तुझे भावोजी ठीक. तुझ्या हाती पडण्याआधी तुरुंगातले साहेब पत्र फोडून वाचतात, म्हणून मी हात आखडूनच लिहायचे. आज तसं लिहिणार नाही. का, ते शेवटी सांगते. आधी शेवटचं पान वाचायची तुझी जुनी खोड आज तेवढी आवर.

रखवालदारकाका शाळेच्या मागच्या जिन्याखाली मेलेले सापडले आणि तुला शिक्षा झाली, तेव्हापासून शाळा पार बदलली आहे. कुंपण उंच झालंय, दारात दप्तरं तपासतात. माझ्या वर्गातून काही आईबापांनी मुलं काढून दुसऱ्या तुकडीत घातली. माझ्याशी मात्र सगळे फार गोड वागतात. वाणी मला पाहिलं की रांग मोडून आधी माझं सामान बांधतो आणि मान वर करत नाही. शिव्या परवडल्या रे, हा गोडवा अंगावर येतो. आणि मधल्या सुट्टीत आवाज येत नाही. मुलं सगळी पटांगणात असतात, डबे उघडलेले असतात, पण कान दुखवणारा तो कलकलाट कुठे गेला कळत नाही. आपली खारूसुद्धा, जी झोपेतही बडबडायची, ती आता विचारलं तेवढंच बोलते.

एके दिवशी फळ्याच्या खडूंसाठी मागच्या बाजूला गेले तर मुलं त्या जिन्यासमोर ओळीत बसलेली, गुडघे जुळवून, हात मांडीवर. एक मुलगा जिन्याखाली डोळे मिटून पडलेला. एक मुलगी हात मागे धरून उभी. कुणी हसत नव्हतं. मी एका छोटीला जवळ घेऊन विचारलं, तर तिने पाढे सांगावेत तसे नियम सांगितले. पडलेला तो रखवालदार. उभा तो मामा. मामाने अळीमिळी गुपचिळी करायची, बोलला की आऊट. मग सगळ्यांनी त्याच्याकडे बोट दाखवायचं आणि शाळा सुटेपर्यंत त्याच्याशी कट्टी. खेळात कुणाचंही पोर उभं राहो, गुन्हेगाराला म्हणतात मामाच. आणि मामा तर तू एकाच पोरीचा आहेस, आपल्या खारूचा.

तरी मी मनाची समजूत घातली, की मोठी माणसं जे बोलतात तेच मुलं खेळतात. दुसऱ्या दिवशी मी सुरुवातीपासून पाहिलं. खेळात अजून एक जण होता, ज्याला नाव नव्हतं. त्याला नुसतं ‘तो’ म्हणायचे. ‘तो’ जिन्यापाशी येतो, बूट काढतो, खिशातून रुमाल काढून पुसतो आणि जोडीने ठेवतो, टोकं बाहेरच्या बाजूला. मग पायमोज्यांनी, आवाज न करता वर जातो. वरून रखवालदाराचं ओरडणं, आणि धप्प. ‘तो’ खाली येतो, बूट घालतो आणि ओळीत जाऊन बसतो. मामाकडे पहिलं बोट ‘तो’ दाखवतो. त्याला कुणी पकडत नाही, तसा नियमच नाही म्हणे.

आपल्या लहानपणी आई तुझ्या चपलांवरून किती बोलायची आठवतं? एक उंबऱ्यात, तर दुसरी रस्त्यावर. बाबा म्हणायचे, हा घरात शिरत नाही, घरात फेकला जातो. टोकं बाहेर करून, रुमालाने पुसून बूट ठेवणारा माणूस मी लग्नानंतर पाहिला. नवी नवरी असताना मला त्याचं कौतुक वाटायचं. मुख्याध्यापकाला शोभेलशी शिस्त, असं मी मैत्रिणींना सांगितलंही होतं.

तुझ्या भावोजींनीही तो खेळ ऑफिसच्या खिडकीतून पाहिला असावा, कारण दुसऱ्या सकाळी प्रार्थनेच्या वेळी त्यांनी त्यावर बंदी घातली. मुलं मान हलवून वर्गात गेली. सुट्टी संपल्यावर मी ऑफिसवरून जात होते. दारापासून थेट जिन्यापर्यंत, भिंतीकडेने, मुलांचे बूट मांडलेले. लहान-मोठे, फाटके, नवे, सगळे पुसलेले, सगळ्यांची टोकं बाहेर. वर्गांत मुलं पायमोज्यांत बसून निमूट लिहीत होती. तुझे भावोजी दारात उभे होते. आत गेले आणि दार लावून घेतलं.

त्या दिवशी घरी आल्यावर त्यांचा एक बूट दारात आडवा पडला होता आणि दुसरा खुर्चीखाली. दुसऱ्या दिवशीही तसंच. इतक्या वर्षांची सवय त्यांनी एका दिवसात टाकली, ठिणग्या, आणि मला मान्य करावंच लागलं. मला वाटतं, तोवर मी कुठेतरी आशेवर होते.

मग खारूला मांडीवर घेतलं आणि नुसती थोपटत बसले. तिने आपण होऊन सांगितलं. मी शिक्षकांच्या शिबिराला परगावी होते ना, तेव्हाचं. ती जिन्याखाली जुन्या बाकांमागे खेळत होती. तिला फक्त बूट दिसले. काका वरून ओरडले, की साहेब, शाळेचे कॉम्प्युटर तुम्हीच विकताय होय? कुंपणच शेत खातंय म्हटल्यावर राखणदाराने काय करावं, त्याने ओरडावंच. मग काका धप्पकन खाली आले, आणि ती बाकांमागेच बसून राहिली. शाळेत वायरिंगच्या कामाला आलेल्या तुला ती तिथे सापडली. दोन्ही हातांनी उचललीस म्हणून तुझा टेस्टर जिन्यावर पडला, आणि त्याच टेस्टरवर तुला शिक्षा झाली. मामाने सांगितलंय कुणाला सांगायचं नाही, असं म्हणून ती माझ्या कुशीत इतकी रडली की मला तुझा रागच आला. तिला कोर्टात उभं राहावं लागू नये, बापाविरुद्ध बोलावं लागू नये, म्हणून तू ब्र काढला नाहीस. वेड्या, तिने ते सगळं पोटात ठेवलं, आणि शेवटी ते सबंध शाळेच्या खेळात फुटलं.

तुझ्या भावोजींनी शपथेवर सांगितलं होतं, की शाळा सुटताच खारूला मीच घरी नेलं. शेजारच्या शिवणकामवाल्या मावशींनी तर त्या दिवशी तिला तुझ्या कडेवर येताना पाहिलं होतं. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, “अगं, मला कुणी विचारलंच नाही, आणि तू त्याच घरात राहतेस, तुला काय सांगणार?” आता त्या साक्ष देतील. मीही देईन. खारूला शक्यतो मध्ये आणायचं नाही, असं मी तुझ्यासाठी लावलेल्या वकीलबाईंना बजावलंय. पण त्या म्हणतात, आरोपीच गप्प राहिला तर खटला पुन्हा उघडणं फार कठीण. त्या येत्या आठवड्यात तुला भेटायला येतील.

मी घर सोडलंय. हे मावशींच्या मशीनवर कागद ठेवून लिहिते आहे. खारू इथे आल्या आल्या चपला भिरकावून आत पळाली, एक दारात, एक कपाटाखाली. शाळेत मुलं अजूनही सुट्टीत ओळीत बसतात. पण खारूने नियम बदललाय. मामाने बोलायचं. त्यामुळे आता मामा व्हायला कुणीच पुढे येत नाही, काय बोलायचं ते कुणाला माहीत नाही. मुलं मोकळ्या जागेकडे बघत बसतात आणि घंटा झाली की उठतात. तू हे पत्र फाडशील, मला तू पक्का ठाऊक आहेस. म्हणूनच ते तुरुंगाच्या पत्त्यावर पाठवते आहे, वकीलबाईंच्या हाती देत नाही. तुझ्याआधी साहेबांनी ते वाचलेलं असेल आणि शिक्का मारलेला असेल, मग फाडूनही ते लपणार नाही. साहेब, तुम्हीही नीट वाचा. आणि ठिणग्या, आता तू बोल.

तुझीच, तुझ्या शब्दाची वाट पाहणारी,
ताई