पुढारीच वाळीत

तात्या, मी तुमची थोरली. ओळखलंत ना, की तिथे वरही चष्मा कपाळावर ठेवून चष्माच शोधताय? मला अजून अक्षर येत नाही. दुबईला, करामा भागात लेकाकडे आलेय. तो म्हणाला, कॅसेटवर बोल. पण तुमच्याकडे टेप कुठला? म्हणून मी सांगते आणि नात लिहिते. मधेच म्हणते, "आजी, स्लोली."

तिला शाळेत आयर्लंडच्या एका पुढाऱ्याचा धडा आहे. तो तिने वाचला आणि मला तुम्ही दिसलात. स्वतः जमीनदार, पण कुळांच्या बाजूने उभा राहिला. लंडनच्या पार्लमेंटात आपली माणसं अशी बांधली की त्यांच्यावाचून सरकार हलेना. हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याच्याशी बोलू नका, हे त्यानेच लोकांना शिकवलं. तुम्हीही खोताच्या माणसाला तसंच केलंत. ओटीवर बसून सांगताय, "त्याला विस्तव नाही, पाणी नाही." मी दाराआडून ऐकतेय.

पुढे त्या आयर्लंडच्या पुढाऱ्याचं आणि दुसऱ्याच्या बायकोचं प्रकरण उघडं पडलं. त्याच्याच माणसांनी दिवसचे दिवस भांडून त्याची साथ सोडली. त्याने तिच्याशी लग्न केलं, आजारी अंगाने सभा घेत फिरला आणि वर्ष पुरं व्हायच्या आत गेला.

आई गेल्यावर तुम्ही मावशीला घरी आणलंत, नवरा टाकून आलेली. मग आपल्याच चुलीला कोणी विस्तव देईना. तुमच्या शब्दासाठी खोळंबणारी माणसं अंगणाच्या फाटकापासून, बेड्यापासूनच वळून जायला लागली. तुम्हीच शिकवलेलं तुमच्यावर फिरलं. हसू आलं का हो कधी?

"ही शुड हॅव रिझाइन्ड ऑर नॉट? उद्या डिबेट आहे," नात म्हणते.

"त्या बाईला कोणी विचारलं का?"

"आजी, दॅट्स नॉट इन द चॅप्टर."

लेक म्हणतो, जुनं ते खलास. पण मला कळायलाच हवंय, पुढारीपण गेलं ते तुम्हाला सलत होतं का? तुम्ही गप्पच राहिलात, आणि मावशी शेवटपर्यंत धरून बसली की तिच्यामुळे तुमचं वाटोळं झालं. एकदा तरी तिला "नाही" म्हणालात का?

मला विचाराल तर, मला बरंच वाटलं होतं. तुम्ही उजेड असताना घरी यायला लागलात, आमच्याबरोबर जेवायला बसायला लागलात. हे मी मावशीला कधी बोलले नाही. आता तीही तिथे तुमच्याजवळच आहे, तुम्ही तिच्या कानावर घाला. हे पत्र काही पोस्टात पडणार नाही, पण तुम्ही सांगाच.

आणि तिला म्हणावं, धाडायचंच काही तर फणसाची सांदणं धाड. तुझ्याच हातची. नारळाचं दूध वेगळं दे, वाटेत नासतं.