टेलिफोनबाई हयात आहेत

आदरणीय वहिनी,

तुम्हाला वाकून नमस्कार आणि दादाला उभ्या उभ्याच (तो पत्र वाचत नाही, तुम्ही शेवटी सांगता तेवढंच ऐकतो, म्हणून त्याच्यासाठी कंबर मोडून घेत नाही). तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं की जिना चढताना दुखतो आणि उतरताना दुखत नाही. यावर तुमच्या जावेचं म्हणणं असं, की मग नुसतं उतरतच जावं. ती मजेत आहे हे यावरून तुम्हाला कळेलच. मी बरा आहे, फक्त पायांची पार वाट लागली आहे. कारण विचाराल तर कचेरी, आणि ते सविस्तर सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

माझी निवृत्ती आता तोंडावर आली आहे. अशा माणसाला कचेरीत कुणी धड काम देत नाही आणि बिनकामाचाही बसू देत नाही. तर साहेबांनी मला बोलावून सांगितलं, की शहरातल्या प्रत्येक रस्त्याच्या पाटीखाली एक छोटी पाटी लावायची ठरलं आहे. ज्याच्या नावाचा रस्ता, तो माणूस कोण होता हे तिच्यावर दोन ओळींत लिहायचं. दोनच ओळी का, तर पत्रा तेवढाच मंजूर झाला आहे. मला वाटलं, खुर्चीत बसून होईल. पण वहिनी, आमच्या कचेरीत रस्त्याची लांबी आहे, रुंदी आहे, गटारं आहेत, खड्डे तर वयासकट आहेत, आणि ज्याच्या नावाने हे सगळं चाललं आहे त्या माणसाबद्दल अवाक्षर नाही. तेव्हा छत्री घेऊन पायी निघालो.

सुरुवातीलाच जनरल पथावर तोंडघशी पडलो. तिथल्या एका भारदस्त गृहस्थांनी मला घरात बसवून जनरलसाहेबांची लढाई अशी रंगवून सांगितली, की मांडीला गोळी लागल्याच्या जागी मीच माझी मांडी चोळली. पाटी रंगवून झाली. दुसऱ्या दिवशी मी त्याच रस्त्यावर दाढीला बसलो, तर गालाला साबण लावता लावता न्हावी म्हणाला, इथे पूर्वी जनरल स्टोअर होतं. दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा दुकानाची पाटीही कापली. ‘स्टोअर’ धाकट्याने नेलं, ‘जनरल’ थोरल्याकडे राहिलं. (पाटी परत रंगवली. भारदस्त गृहस्थ आता मला ओळख देत नाहीत.) काका मार्गावर याच्या उलट. तिथे चार घरांनी काका आपलेच म्हणून सांगितलं, आणि पाचव्या घरातल्या पुतण्याने सांगितलं की काका आमचेच होते पण कृपा करून त्यांना दुसऱ्या कुणाचे तरी करा. मी ‘काका, सर्वांचे’ असं लिहून सुटका करून घेतली.

पण हे पत्र मी लिहायला घेतलं ते टेलिफोनबाई मार्गासाठी. हा रस्ता आमच्या घरापासून फार लांब नाही. वरच्या अंगाला चांगली घरं, खाली उतरत उतरत नदीकडे जातो आणि तिथे चाळी लागतात. नावाबद्दल विचारलं तर इस्त्रीवाला म्हणाला, इथे टेलिफोनचा खांब होता. (‘बाई’ कुठून आली म्हटलं तर म्हणाला, खांबाला टेकून उभी असेल.) औषधाच्या दुकानात सांगितलं, ती फार फोन करायची, नवऱ्याचं दिवाळं निघालं. शेवटी माझ्या सदऱ्याचं बटण तुटलं म्हणून एका शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे शिरलो आणि सहज त्यांनाही विचारलं. त्यांनी दातांनी दोरा तोडला आणि म्हणाल्या, “मावशी वर आहे. तिलाच विचारा ना.”

वहिनी, माझा आधी विश्वासच बसला नाही. मी वर गेलो तर खिडकीशी एक बारीक, ताठ म्हातारी बाई बसलेल्या. पांढरे केस घट्ट बांधलेले, मांडीवर निवडायला घेतलेले तांदूळ. सगळा जन्म टेलिफोनच्या कचेरीत, बोर्डावर तारा जोडण्यात गेलेला, आणि आता दोन्ही कानांनी ऐकू कमी येतं. पण सवयी सुटलेल्या नाहीत. मी कोण, कुठला, कशासाठी आलो हे ओरडून सांगत होतो, तर मध्येच हात वर करून म्हणाल्या, “तुमची वेळ संपली. वाढवायची का?” मी म्हटलं, वाढवा. (भाची खालून म्हणाली, सगळ्यांना असंच करते, डॉक्टरलासुद्धा.) मी विचारलं, टेलिफोनबाई तुम्हीच का? त्या म्हणाल्या, “मग दुसरं काय म्हणणार मला?” एवढं ऐकून मी आनंदाने खाली आलो. बटण लावून घ्यायचंही विसरलो.

आणि इथे मी माती खाल्ली. एवढ्या सगळ्या रस्त्यांतून एक तरी माणूस जिवंत सापडलं याचा मला इतका हर्ष झाला, की मी साहेबांना लेखी कळवलं, ‘सदर बाई हयात असून प्रकृती उत्तम आहे.’ साहेबांनी तो कागद वाचला, चष्मा काढला आणि मला विचारलं, “तुम्हाला हिला जिवंत शोधायला कुणी सांगितलं होतं?” तेव्हा मला कळलं की हयात माणसाचं नाव रस्त्याला देता येत नाही असा नियम आहे. दिलेलं असल्यास काढावं लागतं. दुपारपर्यंत ही बातमी आमच्या भागाच्या नगरसेवकांना लागली. त्यांचे सासरे नुकतेच वारले आहेत आणि घरातून त्यांना सारखी टोचणी आहे, की एवढी सत्ता असून बाबांच्या नावाचा साधा रस्ता होत नाही. नगरसेवक मिठाईचा पुडा घेऊन कचेरीत आले आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, तुमच्यासारखी चौकस माणसं हवीत. मी मिठाई घेतली नाही. (तुमच्या जावेने विचारलं, का नाही घेतलीस. तिला काय सांगणार?)

दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. एका म्हातारीचा रस्ता मी माझ्या हाताने घालवला होता, तोही तिची प्रकृती उत्तम असल्याच्या गुन्ह्यासाठी. साहेबांना म्हटलं, तो कागद फाडून टाकू. ते म्हणाले, आवक क्रमांक पडला आहे, आता तो ब्रह्मदेवाला फाटायचा नाही. मग निदान त्यांना दुसऱ्याकडून कळू नये म्हणून मीच सांगायला गेलो. जिना चढताना चार वेगवेगळी वाक्यं तयार केली होती. वर पोचल्यावर एकही आठवेना. सरळ सांगून टाकलं, की बाई, तुम्ही जिवंत आहात म्हणून रस्त्याचं नाव काढणार आहेत.

त्यांना दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा कळल्यावर त्यांनी तांदळाचं ताट बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, “रस्ता माझ्या नावाचा कुठे आहे?”

मी म्हटलं, परवा तुम्हीच तर म्हणालात.

“तुम्ही विचारलंत टेलिफोनबाई का. मी हो म्हटलं. होतेच मी टेलिफोनबाई. रस्ता तुमचा का, असं तुम्ही विचारलं नाहीत.”

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. बोर्डावर त्या आणि आणखी एक मुलगी, अशा दोघी होत्या. ही मोठी, ती धाकटी, आणि हसायला लागली की तिला आवरता यायचं नाही, त्यामुळे वरचेवर बोलणी खायची. ज्या दिवशी पूर आला त्या दिवशी भर दुपारी वरच्या धरणावरून निरोप आला की पाणी सोडलं आहे. दोघींनी या रस्त्यावरचा एक एक फोन वाजवायला घेतला. घरं सोडा, वर या. वरची घरं झाली, मधली झाली, आणि खालच्या चाळींशी येऊन थांबल्या, कारण तिथे एकाकडेही फोन नव्हता. “ती उठली,” बाई म्हणाल्या. “कानावरचं काढून माझ्यापुढे ठेवलं. मी म्हटलं, अगं कुठे, साहेब ओरडतील. म्हणाली, ओरडू देत, तू बोर्ड सांभाळ. बोर्ड सोडता येत नाही हो. दोघींपैकी एकीला बसावंच लागतं. मी बसले.” धाकटी खाली गेली आणि दारं बडवत सुटली. मी टेलिफोनवाली आहे, निरोप आहे, निघा. लोक निघाले. ती शेवटच्या दारापर्यंत गेली आणि परत आली नाही. चाळकऱ्यांना तिचं नाव ठाऊक नव्हतं, टेलिफोनबाई एवढंच ठाऊक होतं, म्हणून त्यांनी रस्त्याला तेच नाव दिलं. पुढे त्या चाळकऱ्यांतलं कुणी राहिलं नाही. या बाईंनी नंतर याच रस्त्यावर खोली घेतली. नवे लोक आले, त्यांना ही एकच टेलिफोनबाई दिसली, आणि हीच ती, असं धरून चालले. आणखी पुढे तर तेही विसरले.

मी विचारलं, तुम्ही कुणाला सांगितलं कसं नाही? त्या म्हणाल्या, कुणी विचारायला आलं असतं तर सांगितलं असतं. हे त्या रागाने म्हणाल्या नाहीत, तांदळातला खडा काढता काढता म्हणाल्या. मग मी तिचं नाव विचारलं, पाटीवर घालायला. त्यांनी मान हलवली. “नावाने ओळखणारी मी एकटी उरले, मला पाटी कशाला लागते? बाकीच्यांना नाव वाचून काय कळणार? तिने काय केलं ते लिहा.”

मी धावतच कचेरी गाठली. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि फक्त एवढंच विचारलं, “पण ही नक्की मेलेली आहे ना?” मी आहे म्हटल्यावर त्यांनी हुश्श केलं, पंखा मोठा केला आणि सही केली. चार दिवसांनी पाटी लागली. समारंभ नगरसेवकांच्याच हस्ते, त्यांना दुसरा इलाज नव्हता. बाई इस्त्रीची साडी नेसून भाचीच्या आधाराने खाली उतरल्या. मी दोन ओळी लिहिल्या होत्या: ‘टेलिफोन कचेरीतली एक मुलगी. पुराच्या दिवशी, जिथे फोन नव्हते तिथे ती चालत गेली.’ नगरसेवकांनी पडदा ओढला, टाळ्या झाल्या. बाईंनी पाटीवरून बोट फिरवत सावकाश वाचलं आणि एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की वरच्या गॅलरीतले लोकही गप्प झाले, “चालत नाही. धावत गेली. दुरुस्त करा.” त्यांच्या डोळ्यांना पाणी नव्हतं वहिनी, माझ्याच होतं. रंगाऱ्याला पुन्हा बोलावून तो शब्द दुरुस्त केला आहे. जवळून पाहिलं तर खालचा ‘चालत’ अजून दिसतो.

पत्र फार लांबलं. गुडघ्याला शेक देत जा आणि दादाला सांगा की मी खुशाल आहे, बाकी काही सांगू नका. मुलांना आशीर्वाद.

तुमचा दीर

ता. क. आमचा पत्ता बदलला आहे. घर तेच, गल्ली बदलली. नगरसेवकांच्या सासऱ्यांना कुठला तरी रस्ता देणं भागच होतं, आणि आमच्या मधल्या गल्लीच्या नावावर कुणाचाच हक्क निघाला नाही. मीच चौकशी केली होती.

ता. क. दोन. आता खरं काम. या सासऱ्यांसाठी दोन ओळी लिहायच्या आहेत आणि त्याही मलाच. जावयांना विचारलं तर म्हणाले, थोर होते. कशात थोर, ते त्यांना सांगता येईना, म्हणून त्यांच्या बायकोला विचारलं. ती सख्खी मुलगी. ती बराच वेळ आठवत राहिली आणि म्हणाली, बाबा सकाळी जायचे आणि संध्याकाळी यायचे. असं कळतं की ते सगळा जन्म तुमच्या माहेरच्या घराच्या अगदी मागच्या घरात राहत होते. तर वहिनी, तुमच्या आईंना एवढं विचाराल का? मोठं काही नको. सकाळी जायचे ते कुठे, एवढं कळलं तरी माझं भागेल.