उजव्या कानाचा दोरा

कुमासी, ६ जुलै १९९२

ती. आझारा आत्यास नापारीचा सलाम व सा. न. वि. वि.

शिलाईचं काम बरं चाललं आहे. सनातू तिच्या आईच्या आजारपणासाठी साव्हेलुगुला माहेरी गेली आहे, तेव्हा आमच्या दीड वर्षाच्या वुम्पिनीला मीच सांभाळतो. येंडीला तू तिचे कान टोचलेस त्याला आज बारा दिवस झाले. डावा छान आहे. उजव्याचं लिहायला हात धजत नाही, पण लिहितो.

परवा अंघोळ घालताना अंग घासायची जाळी कानातल्या दोऱ्यात अडकली. माझ्या लक्षात आलं नाही, मी ओढली. भोक खालच्या बाजूला फाटलं. आता पाळी सुजली आहे, पिवळं पाणी येतं. मी दिवसातून दहा वेळा स्पिरिट लावतो आणि दोरा फिरवतो. शेजारची अदिसा म्हणते, चुलीतली राख लाव. तिचा नवरा म्हणतो, दोरा कापून टाक, शिंपी असून कात्रीला काय घाबरतोस. पाळी दुभंगली तर पोरगी जन्मभर तसा कान घेऊन फिरेल, आणि तो मी केलेला असेल. तुझं उत्तर येईपर्यंत कात्रीला हात लावत नाही. पत्र बसच्या ड्रायव्हरजवळ देतो आहे.

तुझा,
नापारी

येंडी, ८ जुलै

चि. नापारीस अ. आ.

दोरा कापू नकोस. तो काढलास तर भोक वरून मिटेल आणि घाण आत कोंडेल. तिला बाहेर यायला तेवढी एकच वाट आहे. स्पिरिट बंद. दहा वेळा चोळून तू पोरीचं नवं कातडं रोज खरवडतो आहेस. राख अदिसाच्या नवऱ्याच्या तोंडाला फास.

पाणी उकळ, पेलाभर पाण्यात चिमूटभर मीठ घाल, कोमट होऊ दे. हात धुऊन स्वच्छ फडक्यानं सकाळ-संध्याकाळ कान शेक. दोरा फिरवायचा नाही. शियाच्या बियांचं लोणी लावायचं ते जखम सुकल्यावरच. पाळीला सहा ते आठ आठवडे लागतात. कानाच्या वरच्या कडेला टोचलं असतं तर वर्ष मोजत बसला असतास. ताप आला किंवा लाली पसरली तर त्याच दिवशी दवाखाना. तेव्हा मला पत्र लिहीत बसू नकोस.

तुला वाढवणारी,
आझारा

कुमासी, २४ ऑगस्ट

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दुपारी वुम्पिनीचं अंग तापलं. तू बजावलं होतंस, म्हणून शिवण मशीनवर तशीच टाकली, पोरीला पाठीला बांधलं आणि निघालो. पुरुषाच्या पाठीवर पोर पाहून बाजारातल्या बायकांनी हसत विचारलं, तुझं बाळंतपण कसं झालं. मी सुखरूप म्हणालो. नर्सबाईंनी औषध दिलं आणि दोरा ठेवलास हे शहाणपण केलंस म्हणाल्या. शहाणपण कुणाचं ते मी त्यांना सांगितलं.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. आता कान कोरडा आहे. उजवं भोक डाव्यापेक्षा तिळाएवढं खाली आहे, मी टेप लावून पाहिलं. सनातू परतली तेव्हा तिनं पाहण्याआधीच सगळं सांगून टाकलं. तिनं दोन्ही कान निरखले आणि म्हणाली, ऐकतात ना दोन्ही? मग तू आधी जेव, हाडं दिसायला लागली आहेत तुझी.

आत्या, तू नसतीस तर मी कात्री घेतली असती. तुझे उपकार फेडायचे नाहीत, जन्मभर बाळगायचे आहेत.

तुझा ऋणी,
नापारी

येंडी, ३० ऑगस्ट

चि. नापारीस अ. आ.

पत्र दोनदा वाचलं. तीस वर्षं मी या गावातल्या मुलींचे कान टोचते आहे. कान बिघडला की माणसं भांडायला बरोबर येतात. कान बरा झाला हे कळवणारा तू पहिलाच. बाकीच्या साऱ्या जणी बऱ्या झाल्या असतील असं मी आपली समजून चालले होते.

काल एक बाई लेकीला घेऊन आली. मी सुई हातात घेण्याआधी तिला म्हटलं, दोरा निघेपर्यंत अंघोळीला जाळी वापरायची नाही, हातानं अंग चोळायचं. ती म्हणाली, हे आमच्या आईला कधी सांगितलं नव्हतंत. म्हटलं, तेव्हा मला ठाऊक नव्हतं. माझ्या भाच्यानं कळवलं.

सनातूला आशीर्वाद. माया आहेच, तू कळवत राहा.

तुझी आत्या,
आझारा