कमरेची दोरी

अण्णा, मी तुमच्यावर भयंकर चिडले आहे. तुम्हाला जाऊन दहा वर्षं होऊन गेली, आता चिडून काय उपयोग असं आई म्हणते, पण तिला काय जातंय म्हणायला. धरणाच्या पाण्यात चार वेळा होडीसकट उलटी होऊन पडले ती मी. नाकातोंडात पाणी गेलं ते माझ्या. आणि काठावर उभे राहून शिट्टी फुंकणारे आमचे सर ज्या एका गोष्टीसाठी माझ्यावर खेकसत होते, ती गोष्ट माझ्या हातांना तुम्ही शिकवलीत. म्हणून आज दुपारी कॅम्पच्या गोदामात उपड्या ठेवलेल्या होडीवर बसून हे लिहिते आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि हा कागद पोस्टात टाकायचाही नाही, तेव्हा अक्षराची काळजी करत नाही.

तुमच्या वेळी हा कॅम्प नव्हता. आपण जाळी वाळत घालायचो त्या माळावर आता तंबू आहेत, फरशीचे संडास आहेत, आणि वीस प्लास्टिकच्या होड्या आहेत. एका माणसापुरती लांबुळकी होडी, वर बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारायचं. कयाक म्हणतात. सुट्टीच्या दिवशी पुण्याच्या सूस-बाणेरकडची नोकरदार माणसं गाड्या घेऊन येतात आणि मी त्यांना न पडता बसायला शिकवते. सहा वर्षं हेच चाललंय. सर नौदलातून निवृत्त झालेले, कॅम्प त्यांचा. माणूस चांगला आहे, फक्त एक गोष्ट दोनदा सांगावी लागली की त्यांचे कान लाल होतात. तर यंदा त्यांच्या डोक्यात समुद्र शिरला. ताम्हिणी घाट उतरून कोकणात जायचं, तिथं मासेमारीची मोठी लाँच ठरवलेली आहे, तिच्यावर कयाक रचायच्या आणि किनारा दिसेनासा होईपर्यंत आत जायचं. तिथं होड्या खाली सोडायच्या, ज्यानं त्यानं आपापल्या होडीतून गळ टाकायचा, आणि जेवायला-झोपायला परत लाँचवर. असे तीन दिवस. त्या लाँचला ही मंडळी मदरशिप म्हणतात, आणि म्हणताना चेहरा असा की जणू यांनीच ती बांधली. चौघं गिऱ्हाइकं, सर लाँचवरून नजर ठेवणार, आणि खाली पाण्यात त्या चौघांची राखण करायला मी. मला जायचंय, अण्णा. तेहेतीस वर्षं मी एकाच पाण्याला फेऱ्या मारते आहे, ज्याच्या चारी बाजूंना डोंगर दिसतात. जिथं काहीच दिसत नाही असं पाणी मला एकदा बघायचंय.

आणि तयारी म्हणजे नुसता वैताग. एकानं मासा कुठं आहे ते दाखवणारं यंत्र आणलं. धरणात लावून बघितलं, तर ते दिवसभर खालचा बुडालेला बांध दाखवत होतं आणि हा बाबा मासाच समजून त्यावर गळ टाकत होता. चार गळ तुटले तरी पटेना. दुसरा शाकाहारी आहे. “बेसिकली मला फक्त पकडायचे आहेत, खायचे नाहीत,” असं तो मला इतक्या गंभीरपणे सांगतो की मला त्याच्या तोंडाकडे बघवत नाही. तिसऱ्याला एकच प्रश्न, तिथं रेंज येते का. चौथ्या सोलापूरच्या बाई, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्या याद्या करतात, आणि यादी कुठल्या बॅगेत ठेवली त्याचीही यादी करतात. शेंगदाण्याची चटणी इतकी आणली आहे की लाँचच्या खलाशांना होळीपर्यंत पुरावी. पण एक सांगते, त्या बाई सोडल्या तर कुणीही मला दोरीबद्दल एक प्रश्न विचारला नाही, आणि मुख्य गोष्ट ती दोरीच आहे.

कमरेला पट्टा, पट्ट्याला दोरी, दोरीचं दुसरं टोक होडीला. पट्ट्यावर चाप असतो, त्याचं लाल बोंडूक ओढलं की दोरी सुटते. पण ओढायचं नाही. सरांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना उभं करून सांगितलं, “समुद्रात होडी हातची गेली की खेळ खलास. वारा रिकाम्या होडीला पळवतो, तिच्यामागे पोहून कोणी पोचत नाही. उलटलात तरी होडीला बांधलेलेच राहा, श्वास घ्या, परत चढा.” मग एकेकानं मुद्दाम उलटून दाखवायचं. ती चौघं ओरडली, खोकली, पाणी प्यायली, पण बांधलेली राहिली. मी उलटले, आणि डोकं वर काढते तर होडी दहा हात लांब आणि दोरी तिच्यामागे तरंगतेय. माझा हात चापावर कधी गेला ते माझं मलाच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी सरांचे कान लाल झाले.

“मुद्दाम करतेस का?”

“न्हाई सर. हात जातो.”

“हात जातो म्हणजे? हात कोणाचा आहे?”

काय सांगणार? माझ्या वडिलांचा आहे म्हणून? सर म्हणाले, “चौथ्यांदा सोडलीस तर तू लाँचवर स्वयंपाकाला मदत करशील. पाण्यात उतरायचं नाही. राखणदाराचीच होडी पळाली तर राखणदाराला कोणी राखायचं?” त्यांचं चुकलं असंही म्हणता येईना.

आठवतं, अण्णा? मी अकरा वर्षांची आहे. मे महिना, धरण खाली गेलेलं, बुडालेल्या गावाची जोती आणि काळे बुंधे इथं तिथं वर आलेले. तुम्ही एका ट्यूबवर, मी दुसऱ्या. ट्रकच्या टायरची ट्यूब, मध्ये फळी, हातात वल्ह्याच्या जागी लाकडी थापी. जाळं ओढताना दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून मी जाळ्याची दोरी कमरेला गुंडाळून गाठ मारली. मला वाटलं, तुम्ही म्हणाल पोरीला डोकं आहे. तुम्ही सपासप थाप्या मारत आलात आणि भर पाण्यात माझ्या थोबाडीत दिलीत. “सोड. आधी सोड ती.” एवढंच बोललात. आणि मग तो उरलेला सगळा मे महिना! माझ्या मैत्रिणी मामाच्या गावाला आंबे खात होत्या, आणि मी रोज संध्याकाळी घराखालच्या पाण्यात. तुम्ही माझ्या कमरेला दोरी बांधायची, दुसरं टोक हातात घट्ट धरायचं, मला ट्यूबवरून ढकलायचं. मी गाठ सोडून वर आले की पुन्हा. कधी गाठ पुढं, कधी पाठीमागं. “डोळं मीट. इचार करू नगं, सोड.” आई काठावरून ओरडायची, “पोरगीला मारता का काय!” का म्हणून विचारलं तर “खाली झाडं हायेत” एवढं सांगून बिडी पेटवायचात. महिनाअखेर माझे हात झोपेतसुद्धा गाठ सोडायला लागले, तेव्हा कुठं तुम्ही थांबलात. शाबास म्हणालात की नाही ते मला आठवत नाही. बहुतेक नाहीच.

परवा, तिसऱ्यांदा नापास होऊन, मी ओल्या कपड्यांनी घरी आले आणि केस पिळता पिळता तुमच्या नावानं बडबडत होते. काय ते वेड, काय तो हेकेखोरपणा, आयुष्यात एकदा बाहेर पडायची वेळ आली तर मेल्यावरही आडवे येतात, वगैरे. आई भाकरी थापत होती. ती थांबली.

“त्येंला नावं ठिवू नगंस. तुला ठावं न्हाई म्हून बोलतीस.”

“मग सांग की.”

“तुजा चुलता बुडाला त्ये ठावं हाय न्हवं तुला?”

तुमचा धाकटा भाऊ माझ्या जन्माआधी धरणात बुडाला, एवढं मला माहीत होतं. घरात त्याहून जास्त कधी कुणी बोललं नाही.

“त्या दिशी वारं लई हुतं,” आई म्हणाली. “पोरगं पव्हायला कच्चं. वाऱ्यानं लांब जाईल म्हून ह्येंनीच जाळ्याची दोरी त्याच्या कमरंला बांधली. जाळं खाली बुंध्यात अडकल्यालं, म्हंजी पोरगं जागचं हालत न्हाई, असं ह्येंच्या मनात. आन मग त्याची ट्यूब फुटली. खाली गेला तशी दोरी बुंध्याला गुंडाळली, आखूड पडली, वर येताच येईना. ह्ये खाली जाऊन गाठ सोडीत हुते. वली गाठ हातानं सुटंना म्हून दातानं.”

तुमचा तो तुटलेला समोरचा दात, अण्णा. आम्हाला तुम्ही सांगितलं होतंत की म्हशीनं लाथ मारली.

“तुला हे त्यांनी सांगितलं?” मी विचारलं.

“मला? मला बी न्हाई. त्याच्या म्हयतीला आल्याली मान्सं बोलत हुती, त्यांच्याकडनं ऐकलं.” आणि तिनं भाकरी तव्यावर टाकली.

वाऱ्यानं लांब जाईल म्हणून. सरही हेच सांगतात. मी न्हाणीत जाऊन रडले, आणि रडता रडता जास्तच चिडले. सांगायचं होतंत ना. थोबाडीत द्यायला जमलं, महिनाभर पाण्यात बुचकळायला जमलं, मग दोन वाक्यं बोलायला काय झालं होतं? बावीस वर्षं मी तुम्हाला नुसता हेकट माणूस समजले. तुम्ही दुखण्यात पडून होतात तेव्हा उशाशी बसून मी तुमच्याशी काय बोलले असेन, तर जाळ्यांचं आणि पंचायतीचं. विचारलं तरी असतं. नाहीतर तुमचा हात तरी धरून बसले असते.

आज सकाळी चौथी वेळ. रस्त्यावरून लवासाकडं जाणाऱ्या डंपरांचा धुरळा, काठावर सर शिट्टी घेऊन, आणि ती चौघं खुर्च्या टाकून माझी गंमत बघायला बसलेली. मी ठरवलं होतं, दोन्ही हातांनी वल्हं धरायचं आणि मनात दहा अंक म्हणायचे. उलटले. एक म्हणायच्या आत हात चापावर होता. ओढलं. सुटला नाही. पुन्हा ओढलं, तरी नाही. काठावर होड्या ओढून ओढून चापात गाळ बसला होता, तो घट्ट झाला होता. डोक्यावर होडी, दोरी एका पायाला गुरफटलेली, डोळ्यांपुढं नुसता हिरवा अंधार. किती वेळ गेला असेल? तीन श्वासांइतका. तेवढ्या वेळात मला तो न बघितलेला काका समजला. पाय कसा मोकळा झाला माहीत नाही, मी होडीच्या पलीकडच्या बाजूनं वर आले. दोरी कमरेला तशीच, होडी शेजारी तशीच. काठावर टाळ्या.

“शाब्बास!” सर ओरडत होते. “बघ, जमलं की! मनावर घ्यायचा प्रश्न होता!”

सोलापूरच्या बाईंनी फोटो काढला. आणि मी हसले, अण्णा. हात वर करून हसले.

त्यानंतर मी सगळे चाप काढून बादलीत घातले आणि जुन्या टूथब्रशनं एकेक घासला. माझ्याशिवाय आणखी दोन अडकत होते. मग त्या चौघांना बोलावलं, डोळे मिटायला लावले, आणि बोंडूक सापडून ओढेपर्यंत जागचं हलू दिलं नाही. तीस तीस वेळा. शाकाहारी म्हणाला, “मॅडम, सर सांगतात सोडायची नाही, तुम्ही सोडायला शिकवताय. एक्झॅक्टली करायचं काय?” मी सांगितलं, होडी वर आहे तोवर हात लावायचा नाही, पण दोरी खाली ओढायला लागली तर विचार करत बसायचं नाही. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. रेंजवाला कंटाळला होता, त्याला मी दहा वेळा जास्त करायला लावलं. उद्या लाँचवरून उतरताना त्यांच्या कमरेचे चाप माझ्या हातानं लावायचे आहेत. ते मनात आलं की मी घासलेला एकेक चाप पुन्हा ओढून बघते, आणि ही धास्ती घेऊन तुम्ही रोज मला पाण्यात कसे नेत होतात, ते मला कळत नाही.

बाहेर सर जीपवर होड्या चढवतायत. मला दोनदा हाक मारून झाली आहे. मी पास झाले नाही, चाप अडकला म्हणून दोरी राहिली, हे त्यांना अजून माहीत नाही. सांगितलं तर मी तीन दिवस लाँचवर कांदे चिरत बसणार, आणि ते पाणी वरूनच बघणार. नाही सांगितलं तर कुणालाच कळायचं नाही. सकाळपासून चार वेळा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि चारही वेळा भलतंच काहीतरी विचारून परत आले. टपावरच्या दोऱ्या पुरतील ना, बर्फ कुठून घ्यायचा, असलं. तुमचीच लेक.

म्हणून आधी तुम्हाला सांगून बघितलं. आता उठते आणि त्यांना सांगते.