‘येतंय’चं इंग्रजी

१२ नोव्हेंबर १९६१. मालवण

फूजी पर्वत! पुन्हा फूजी पर्वत!

सकाळी बोटीतून उतरलो, अजून पायाखालची जमीन हलतेय. मुंबईत ज्याला ज्याला फिल्म दाखवली त्याने हेच विचारलं — फूजी कुठे आहे? एकाने वर चेरीची झाडं मागितली. एका गृहस्थाने तर चष्मा पुसत विचारलं, "जपानवरची फिल्म म्हणता, आणि ह्यात एकही जपानी बाई नाही?"

अहो, जपानवरची नाहीच ती! कोबे बंदरात राहणाऱ्या आपल्या माणसांवरची आहे. आचऱ्याचा शिंपी, वेंगुर्ल्याचा धोबी, बोटीवरून उतरला तो तिथेच राहिला असा एक देवगडचा खलाशी. आणि नारळ मिळत नाही म्हणून माशाच्या कढीत गाईचं दूध घालणारा खानावळवाला विश्राम — माझा सख्खा थोरला भाऊ. ह्यांना माणसं दिसत नाहीत. डोंगर हवा!

मी तरी कुणाला दोष देऊ? बिनपगारी रजा टाकून तिथे जाऊन राहिलो, कॅमेरा घेतला, रिळं भरली. परत आलो तर रजेबरोबर नोकरीही संपलेली. आता फिल्म एके फिल्म. आणि तीही पुरी होत नाही.

सत्यवतीने चहा दिला. "झाला काम?" म्हणाली. नाही म्हटलं. ती कपबशी उचलून आत गेली. बायको बोलली असती तर बरं होतं.

१४ नोव्हेंबर

माईचा, आमच्या आईचा, एकच प्रश्न. मी बंदरावरून येवो की बाजारातून. "विश्रामान काय सांगल्यान?"

माई, कितीदा सांगू? फिल्मच्या शेवटी दादा धक्क्यावर उभा आहे. माझी बोट सुटायला आलेली. शिंप्याने ध्वनिमुद्रणाचं यंत्र हातात धरलंय. दादा कॅमेऱ्यात बघतो, जरा हसतो आणि म्हणतो, "येतंय गो माई." मग पाठ फिरवतो आणि चालायला लागतो. लांब होत जातो. संपली फिल्म.

"येतंय म्हणालो मां?" माई म्हणते.

म्हणाला गो! पण आपल्याकडे कोण 'जातंय' म्हणतं? दूध घालणारा म्हणतो येतंय, पोस्टमन म्हणतो येतंय. घरातून निघताना 'जातंय' म्हटलं की घरातली म्हातारी माणसं कपाळाला आठ्या घालतात, उंबऱ्यावरून परत बोलावून 'येतंय' म्हणवून घेतात. मेलेला माणूस तेवढा न सांगता जातो. दादा चौदा वर्षांपूर्वी बोटीवर चढला तेव्हाही येतंयच म्हणाला होता!

हे सगळं माईला सांगितलं नाही. समोर लोणच्याची बरणी होती. दर मे महिन्यात माई आंब्याचं लोणचं घालते आणि एक बरणी विश्रामाची म्हणून वेगळी बांधून ठेवते. नवं लोणचं मुरलं की मगच ती जुनी बरणी फोडायची. आम्ही वर्षभर दादाचं शिळं लोणचं खातो.

२० नोव्हेंबर

दाजीच्या तंबूत फिल्म लावायची म्हणून गेलो. दाजीचा तंबू म्हणजे ह्या टापूतला एकमेव सिनेमा. देवादिकांची चित्रं लागली की बैलगाड्या भरून माणसं येतात. डबा उघडून दाखवला तर दाजी हसायलाच लागला. माझी फीत सोळा मिलिमीटरची, त्याचं यंत्र पस्तिसाचं. "गुरु, ही रिबीन पोरींच्या येणीक बांध!"

मग मी दादाबद्दल सांगितलं, शिंप्याबद्दल सांगितलं. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मगे ह्यात जपान खंय आसा? सगळे आमचेच! आमचे आमका बघूक पैसे कोण देतलो?"

खरं म्हणजे ह्यावर उत्तर आहे. पण मला घरी पोचल्यावर सुचलं.

३ डिसेंबर

दाजीकडे पुन्हा गेलो. उगाच गेलो.

१६ जानेवारी १९६२. मुंबई

काहीतरी हललं एकदाचं! कोबेतल्या आपल्या लोकांचा एक क्लब आहे, ते प्रत मागताहेत. इथलं एक फिल्म मंडळही दाखवायला तयार आहे. दोघांची अट एकच — खाली इंग्रजी अक्षरं हवीत. बरोबर आहे. कोबेच्या क्लबात सिंधी, गुजराती, पारशी सगळेच. मालवणी कळणार कुणाला?

लॅबमध्ये दिनशॉ म्हणून संकलक आहे. जाडा, प्रेमळ, तोंडात सतत बडीशेप. मी मराठीतून सांगायचं, त्याने इंग्रजी करायचं. तीन रिळं झकास गेली. 'मेल्या'चं इंग्रजी करताना तो इतका हसला की बडीशेप घशात अडकली.

शेवटच्या शॉटवर भांडण. कडाक्याचं!

त्याने लिहिलं होतं — आय ॲम कमिंग. मी म्हटलं, चूक. तो म्हणाला, "अरे बावा, तुझा भाऊ साफ बोलते, येतंय. येतंय म्हणजे येते. बीजा काय?" मी त्याला आमची रीत सांगितली. म्हटलं, दिनशॉ, हा निरोप आहे. गुडबाय. माणूस पाठ फिरवून चाललाय, डोळ्यांनी दिसतंय की तुला! तो फीत मागे-पुढे करून बघत बसला. दादा आला, गेला, आला, गेला. "ते हसते पण," म्हणाला.

हसणारच. आमच्याकडे निरोप देताना रडत नाहीत.

माझा आवाज चढला. शेजारच्या खोलीतून माणसं डोकावली. शेवटी दिनशॉने हात जोडले, "तुझा भाऊ, तुझी फिल्म." छापलं — गुडबाय.

इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. मी नुसता भाषेसाठी भांडलो नाही. मला ह्या 'येतंय'चा कंटाळा आलाय. चौदा वर्षं घर त्या एका शब्दावर टांगलंय. माई सत्तरीला आली. बंदरावर बोट लागली की अजून पदर सावरून ओटीवर येते. एकदाचं कुणीतरी खरं काय ते छापून टाकायला हवं होतं. मी टाकलं.

१९ जानेवारी

मंडळातला खेळ झाला. खुर्च्या जास्त, माणसं कमी. चहा चांगला होता. एका बाईंनी शेवटच्या शॉटला रुमाल काढला. मला बरं वाटलं. मग कळलं, त्यांना पडसं होतं.

एकाने विचारलं, फूजी...

मी उठून बाहेर गेलो.

८ मार्च. मालवण

सरकारी प्रचाराची गाडी आली आहे. शेतकी खताच्या आणि धरणांच्या फिल्मा गावोगाव दाखवत फिरते, आणि तिच्यातलं यंत्र सोळाचं! गाडीच्या साहेबांना सकाळपासून धरून बसलो. आधी म्हणाले नियमात बसत नाही. मग सत्यवतीने त्यांना सोलकढी आणि तळलेला सरंगा वाढला. नियम जरा सरकला. उद्या भरडावर, गावच्या मैदानात, खताच्या फिल्मनंतर.

९ मार्च

काय लिहू! सगळं मालवण लोटलं होतं. कापडाच्या पडद्याच्या मागच्या बाजूलासुद्धा माणसं बसली, त्यांना सगळं उलटं दिसलं, तरी बसली. शिंपी दिसला आणि आचऱ्याहून आलेली मंडळी ओरडली, "अरे, पोट बघ तेचा!" धोबी चुलीपाशी बसून दशावतारातलं पद म्हणतो, तिथे लोक त्याच्याबरोबर म्हणायला लागले. दाजीसुद्धा! जपान खंय आसा म्हणून कुणी विचारलं नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा वाटलं, मी काहीतरी केलंय.

मग धक्का. दादा. "येतंय गो माई."

माई पहिल्या रांगेत चटईवर. पडद्याकडे बघून, शेजारी बोलावं तसं म्हणाली, "ये हां."

 दादा चालत लांब गेला, गाडीवाल्याने दिवा लावला.

तेवढ्यात माईने विचारलं, "खाली काय लिवलेला तेच्या?" सत्यवती इंग्रजी शिकलेली आहे. ती माझ्याकडे बघायला लागली. मी नजर चुकवली. सत्यवती म्हणाली, "गुडबाय लिवलेला माई." "म्हणजे काय?" "म्हणजे... शेवटचो निरोप."

माई उठली, लुगडं झटकलं आणि माझ्याजवळ आली. "तेणा तुका तसा सांगल्यान?"

"नाय."

"मगे?"

माझी वाट न बघता ती घराकडे चालायला लागली.

१० मार्च

माई माझ्याशी बोलत नाही. वाढते, पण बोलत नाही. सत्यवतीही तिच्याच बाजूला. म्हणते, "तुमका भाऊ परत नको, फिल्मचो शेवट होयो."

खोटं आहे ते! असं बोलू नये माणसाने.

२ एप्रिल

कोबेची प्रत बोटीवरच्या हरिश्चंद्राकडे दिली. आमच्या वाडीतलाच, दर फेरीला कोबेला जातो. क्लबात पोचवेल. दादालाही निरोप दिला आहे, जाऊन बघ म्हणून.

२१ मे

लोणचं घातलं. विश्रामाची बरणी ह्या वेळी मोठी.

१८ जून

बोट बंद. दर्या पांढरा. फिल्मच्या डब्यांत ओल शिरू नये म्हणून तांदूळ घालून ठेवले होते, सत्यवतीने ते काढून भात केला. म्हणाली, फिल्म खावक येणा नाय.

२५ जून

आणखी दोन ठिकाणांहून नकार. एकाचं म्हणणं फिल्म फार लांब आहे. दुसऱ्याचं म्हणणं फार त्रोटक आहे. ह्या दोघांना एका खोलीत कोंडायला हवं.

रिळावर बुरशीचे ठिपके. मऊ फडक्याने पुसतो, उद्या परत येतात.

१४ जुलै

हरिश्चंद्र आला! कोल्हापूरवरून, घाट उतरून एस.टी.ने, चिखलाने माखलेला. मी त्याला पाय धुवायचीही उसंत दिली नाही. दाखवली? "दाखवली." लोक होते? "क्लब भरलेलो. टाळ्यो पडल्यो. शिंपी तर रडाकच लागलो." आणि दादा?

तो पायांवरचा चिखल खरवडायला लागला.

"अरे बोल ना!"

"विश्राम माझ्या बाजूकच बसललो. शेवट इलो, तेणा खालचा वाचल्यान... आणि उठलो. दिवे लागच्या आधीच भायर. मागसून खानावळीत गेलंय तर खानावळ बंद. हाक मारली, उघडल्यान नाय."

ऐकलं आणि डोकं फिरलं. शिंपी रडतो, परकी माणसं टाळ्या देतात, आणि माझा स्वतःचा भाऊ उठून जातो! त्याच्यासाठी काय काय केलं मी. त्याची खानावळ, त्याचा चेहरा, त्याचे हात सगळ्या जगाला दाखवायला निघालो. एक शब्द नाही. बरा म्हणाला नाही, वाईट म्हणाला नाही. राग आला असेल तर शिव्या घाल! आम्हां दोघांना सवय आहे शिव्यांची.

माईने दारामागून ऐकलं असावं. आत जाऊन तिने विश्रामाच्या बरणीचं फडकं परत घट्ट बांधलं. ते जास्त लागलं.

२ ऑगस्ट

डबे माळ्यावर टाकले. पुरे झालं. सावंतवाडीला एका वखारीत कारकुनाची जागा आहे म्हणतात.

१५ सप्टेंबर

वखारवाले म्हणाले, पुढच्या महिन्यापासून या. येतो म्हणालो. हा येतो तरी खरा.

उद्या ह्या मोसमातली पहिली बोट. माई आत्तापासून ओटी सारवतेय.

१६ सप्टेंबर १९६२

दादा आला आहे.

पडावातून उतरला तो गुडघाभर पाण्यातूनच मला हुडकत आला. केस पिकलेत. मिठी नाही, काही नाही. सगळ्या बंदरासमोर म्हणाला, "गुडबाय कोणी लिवल्यान? तू लिवलंस?" मी हो म्हटलं. "कोणी सांगल्यान तुका मी निरोप घेतलंय म्हणान? मी येतंय म्हटलंय ता येतंय म्हणानच! दरवर्सा म्हणी होतंय, फुडच्या वर्साक जाऊया, फुडच्या वर्साक जाऊया. थंय सगळ्यांच्या समोर ता वाचलंय आणि वाटला, आता नाय गेलंय तर तुझाच खरा होतला." खानावळ शिंप्याच्या स्वाधीन करून आलाय.

माई ओटीवर उभी होती. "इलंस?" म्हणाली, आणि बरणी फोडायला आत गेली. नवी बरणी.

फिल्मचा शेवट साफ चुकला. दिनशॉला कळवायला हवं — इंग्रजी तुझंच बरोबर होतं. देवाच्या कृपेने माझं छापलं.