पाणी न मागणारी माणसं

प्रिय दादा,

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की पायरी ओली होती म्हणून बाबा जिन्यावर घसरले. पायरी कोरडी होती. बाबा शेजारी बसून 'ओली होती असं लिही' म्हणाले आणि मी मुकाट्यानं लिहिलं. पत्र पेटीत टाकल्यापासून ते वाक्य मला टोचतंय.

झालं ते असं. गिऱ्हाइकाचं कपाट नेताना तिसऱ्या मजल्यावर बाबांच्या पोटरीत गोळा आला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि कपाटाची खालची बाजू हातातून सुटली. वरून काकांनी कपाटाला बांधलेला पट्टा धरून ठेवला, नाहीतर कपाट बाबांच्या छातीवरच आलं असतं. सकाळी सहाचा चहा सोडला तर दुपारी एकपर्यंत दोघांच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता.

आजोबांचा नियम अजून तसाच आहे. सामान हलवताना पाणी प्यायचं नाही. पोटात पाणी डचमळलं की तोल जातो म्हणे. शिवाय पाणी प्यायलं की गिऱ्हाइकाच्या संडासात जायची वेळ येते. आजोबा म्हणायचे, 'ज्याचं कपाट उचलायचं त्याच्याच घरात संडासला जायचं? पुन्हा बोलावेल का तो?' गिऱ्हाईक स्वतःहून पेला पुढे करतं, तरी बाबांचं ठरलेलं, 'नको, आत्ताच घेतलं.' आत्ताच म्हणजे आदल्या रात्री!

पडल्यावर बाबांना दवाखान्यात नेलं, तिथे डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. घामावाटे पाणी गेलं की आधी अंगातला जोर जातो, मग डोकं चालेनासं होतं. तहान लागायची वाट बघू नका, अर्ध्या अर्ध्या तासानं थोडं थोडं प्या. बाबांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली आणि बाहेर येऊन म्हणाले, 'बाईंनी कधी फ्रिज उचललाय का?' काका हसले. काकांचं काय सांगू, माझ्यासमोर 'बारकीचं बरोबर आहे' आणि बाबांसमोर 'थोरल्याचं बरोबर आहे.' आईनं चार बाटल्या भरून टेम्पोत ठेवल्या, तर बाबांनी त्या पाण्यानं टेम्पोची काच धुतली. वर आईला सांगितलं, 'पाणी चांगलं होतं.'

मागच्या आठवड्यात बाबा नवं काम बघायला गेले होते, तेव्हा मी काकांना दर दोन फेऱ्यांनी पाणी पाजलं. एरवी चौथ्या फेरीला भिंतीला टेकणारे काका आठवीपर्यंत कुठे टेकले नाहीत. एका दिवसावरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण 'एवढं तरी बाबांना सांगा' म्हटलं, तर म्हणाले, 'मला नको त्यात ओढूस.' कपाळावर हात मारून घ्यावा, दुसरं काय.

मी तरी कुठे बोलते? मला अक्षरं बाबांनीच शिकवली, खोक्यांवरची. 'काच' आणि 'भांडी' मला शाळेच्या आधी वाचता यायचं. ज्यांच्याकडून सगळं शिकले, त्यांना चुकलात म्हणायचं कसं, तेवढंच कुणी शिकवलं नाही.

आणि आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहितेय ते. तुझ्या हातून आरसा निसटला, बाबा सगळ्यांदेखत 'याच्या हातात जीवच नाही' म्हणाले आणि तू काम सोडून गेलास. त्या दिवशीही तुम्ही सहा तास कोरडे होतात. त्याच्या थोडं आधी तू टेम्पोच्या खिडकीशी आला होतास. मी सामानाची यादी घेऊन आत बसले होते, मांडीवर अर्धी भरलेली बाटली होती. तू तिच्याकडे पाहिलंस. मी बाबांकडे पाहिलं आणि बाटली सीटखाली सरकवली. चार वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. तुझ्या हातात जीव होता, दादा. हे मी बाबांच्या तोंडावर म्हणणार आहे. पुढचं काम पाचव्या मजल्यावरचं आहे, लिफ्ट नाही, आणि एक पियानो आहे. टेम्पो आता मी चालवते. बाबा आणि काका एकेक पेला पाणी पीत नाहीत तोवर मी तो सुरू करणार नाही. तिथे पोचल्यावर दर दोन फेऱ्यांनी टेम्पोचं मागचं दार लावून घेईन, पाणी प्यायल्याशिवाय उघडणार नाही. बाबा ओरडतील, माझा आवाज कापेल, कदाचित मी रडेनही. पण किल्ली देणार नाही. निघायचंय गुरुवारी, चौदा तारखेला, सकाळी सहा वाजता.

तुझीच,
बारकी